वाचणारे आणि वाचलेले

इंग्रजी भाषेतील 'रीड' या क्रियापदाचा पसारा मोठा आहे. इंग्रज मनुष्य पुस्तक तर 'रीड' करतोच; पण हाताच्या रेषा, विजेचे मीटर, समोरच्याचे मन हेही तो 'रीड' करतो. संसदेत विधेयकाची तीन 'रीडिंग' होतात. विद्यापीठात कायदा 'रीड' करणे म्हणजे कायद्याचा अभ्यास करणे. हे अर्थ एकमेकांपासून दूरचे भासतात. परंतु शब्दाच्या मुळाशी गेले म्हणजे ती एकाच घरची भावंडे आहेत हे ध्यानी येते.

जुन्या इंग्रजीत 'रॅडन' म्हणजे सल्ला देणे, उलगडा करणे, अर्थ लावणे. कोडे या अर्थाचा 'रिडल' हा शब्द त्याच मुळाचा. १०१६ साली निधन पावलेल्या एथेलरेड राजाच्या नावाचा अर्थ 'उदात्त सल्ला'. पुढे लोकांनी त्याला 'अनरेड', म्हणजे 'सल्ल्याला पारखा', अशी उपाधी जोडून त्या नावाची थट्टा केली. लॅटिनमधील 'लेगेरे' या वाचनवाचक शब्दाचा आद्य अर्थ वेचणे. आपले वाचन 'वाचा' या शब्दाच्या कुळातले, म्हणजे बोलण्यातून आलेले. इंग्रजांनी मात्र अक्षरांकडे उलगडावयाचे कोडे म्हणून पाहिले आणि त्या उलगड्यातून सल्ला मिळावा अशी अपेक्षा धरली.

याच इंग्लंडात पुढे वाचन हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. धर्मगुरूंचा न्याय राजाच्या न्यायालयात होऊ नये, हा त्या काळच्या ख्रिस्तसभेचा आग्रह होता. संत थॉमस बेकेट यांचा राजाशी झालेला संघर्ष आणि ११७० साली त्यांना आलेले हौतात्म्य यांमागे हाही एक वाद होता. कालांतराने ज्याला वाचता येते तो धर्मसेवक, असे न्यायालये मानू लागली. आरोपीपुढे बहुधा ५१ वे स्तोत्र ठेवीत. दाविदाच्या पश्चात्तापाची ती पहिली ओळ वाचता आली की फाशी टळे. म्हणून तिला 'मानेची ओळ' असे नाव पडले. १४८९ च्या कायद्याने सामान्य जनांस ही सवलत एकदाच मिळू लागली व खूण म्हणून अंगठ्यावर डाग देण्यात येऊ लागला. नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ साली द्वंद्वयुद्धात एका नटाला ठार केले, तेव्हा याच सवलतीने त्याचा जीव वाचला. त्याच तुरुंगवासात त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि सुमारे १२ वर्षे ती पाळली.

मराठीत 'वाचणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इंग्लंडच्या न्यायालयात ते अक्षरशः एक झाले: जो वाचे तो वाचे. पण त्याच अपराधासाठी निरक्षर गरीब मात्र फासावर जाई. सामान्य स्त्रियांना तर ही सवलत सतराव्या शतकापर्यंत नव्हतीच. वाचनाची अट १७०६ साली रद्द झाली. करुणेची याचना करणाऱ्या स्तोत्राने अक्षरओळख नसलेल्यांना करुणा नाकारावी, ही मोठीच विसंगती होती.

ख्रिस्तसभेने वाचनाचे दार हळूहळू रुंद केले आहे. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी वाचकाची सेवा प्रापंचिक पुरुषांसाठी खुली केली आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या सेवेवर स्त्रियांचीही विधिपूर्वक नेमणूक करण्यास मान्यता दिली. आज रविवारच्या मिस्सात आपल्यातील कोणी पहिले वाचन करतो, तेव्हा त्याच्या मागे एवढा इतिहास उभा असतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठीही तो वाचत असतो. म्हणून शब्द स्वच्छ उच्चारले, एवढ्याने वाचकाचे काम संपत नाही. आदल्या दिवशी घरी तो उतारा उघडून त्याचा अर्थ लावावा, त्यातला सल्ला आधी स्वतः ऐकावा आणि मगच तो इतरांच्या कानी घालावा. 'रीड' या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आपणांकडून एवढीच अपेक्षा करतो.