सात वळणांची वाट : माउंट मॅन्सफिल्डच्या उतारावर लिहिलेला इतिहास

(१)
अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे छोटे, डोंगराळ राज्य आहे. तेथील स्टो गावाच्या पाठीशी माउंट मॅन्सफिल्ड उभा आहे. उंची सुमारे ४,३९५ फूट. राज्यातील सर्वोच्च शिखर. या डोंगराच्या पूर्व अंगावर ‘नोज डाइव्ह’ नावाची, स्कीवरून बर्फ कापत उतरण्याची एक जुनी वाट आहे. १९३० च्या दशकात ती तयार झाली तेव्हा माथ्यालगत तिला लागोपाठ सात वळणे होती. पुढे त्यांतली तीनच उरली. उरलेली चार कोठे गेली? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरात एक महापूर, एक महामंदी, एक महायुद्ध आणि एक अपघात दडलेला आहे. #थ्रेड

(२)
आधी डोंगर समजून घ्यावा लागतो. मॅन्सफिल्डची धार दक्षिणोत्तर पसरली आहे. पूर्वेकडून पाहिल्यास उताण्या निजलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, म्हणून गोऱ्या वसाहतकारांनी तिच्या टप्प्यांना कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी नावे दिली. सर्वांत उंच बिंदू हनुवटीचा. या भूमीच्या मूळच्या आबेनाकी लोकांना मात्र याच डोंगरात ‘मूस’ या अजस्र सांबरवर्गीय प्राण्याचे मस्तक दिसले होते आणि त्यांच्या भाषेतील नावाचा अर्थही तोच आहे. डोंगर एकच; पाहणारा बदलला की त्याचा आकारही बदलतो. पुढची सगळी कथा याच सूत्राने चालते.

(३)
एकोणिसाव्या शतकात हा डोंगर दोन प्रकारच्या लोकांचा होता : लाकूडतोड्यांचा आणि उन्हाळी पाहुण्यांचा. माथ्यावर, नाकाजवळ, एक हॉटेल उभे राहिले आणि तेथवर घोडागाड्या नेण्यासाठी पथकर आकारणारा रस्ता झाला. हिवाळ्यात हॉटेल बंद आणि रस्ता निर्मनुष्य. फेब्रुवारी १९१४ मध्ये डार्टमथ कॉलेजचे ग्रंथपाल नॅथानिएल गुडरिच यांनी स्की बांधून हा रस्ता चढला आणि त्यावरूनच ते खाली उतरले. मॅन्सफिल्डवरची ही पहिली नोंदलेली स्की-उतरण. त्या काळी या डोंगरावर स्कीसाठी म्हणून काढलेली एकही वाट नव्हती.

(४)
नोव्हेंबर १९२७ मध्ये व्हरमाँटवर महापूर कोसळला. राज्यात ८४ जणांचा बळी गेला आणि शेकडो पूल वाहून गेले. त्यातून राज्य सावरते न सावरते तोच १९२९ ची मंदी आली. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ (सीसीसी) स्थापन केली. बेकार, अविवाहित तरुणांना छावण्यांत ठेवायचे, त्यांच्याकडून जंगल, जमीन आणि पाण्याची कामे करवून घ्यायची, असे तिचे स्वरूप. वेतन महिना ३० डॉलर. त्यांतले २५ थेट घरी पाठवले जात. मॅन्सफिल्डच्या परिसरातील नद्यांवर पूरनियंत्रणाचे बांध याच योजनेतून उभे राहिले. आणि डोंगरावरच्या वाटाही.

(५)
बांधांचे प्रयोजन उघड होते. स्कीच्या वाटा कशासाठी? याचे श्रेय राज्याचे वनाधिकारी पेरी मेरिल यांना जाते. वनशास्त्राच्या शिक्षणासाठी ते स्वीडनमध्ये राहिले होते. हिवाळा हा अडथळाच नसून साधनही होऊ शकतो, हे त्यांनी तेथे पाहिले होते. वाटा आखण्यासाठी त्यांना माणूस मिळाला चार्ली लॉर्ड. राज्याच्या महामार्ग खात्यातला हा अभियंता नोकरी गमावून बसला होता आणि त्याला स्कीचा छंद होता. मंदीने रस्ते बांधणाऱ्याची नोकरी घेतली. तोच माणूस आता डोंगरावर, बर्फासाठी, रस्ते आखू लागला. १९३३ मध्ये पहिली वाट तयार झाली : ‘ब्रूस ट्रेल’. तिला नाव मिळाले ते एका लाकूड व्यावसायिकाचे, आणि तिचा काही भाग जुन्या लाकूडतोडीच्या वाटेवरूनच गेला.

(६)
या वाटा अरुंद आणि नागमोडी का होत्या? कुऱ्हाडी-करवतींनी झाड पाडणे कष्टाचे, म्हणून कमीत कमी झाडे तोडायची, हे एक कारण. पण त्यामागे एक जाणही होती. दोन्ही बाजूंना दाट झाडी असली की वारा बर्फ उडवून नेत नाही आणि उन्हाने ते लवकर वितळत नाही. शिवाय वापरणारा प्रत्येक जण आधी तास-दोन तास पायी चढून येणार, दिवसातून एकदा, फार तर दोनदा उतरणार. इतक्या थोड्या रहदारीला अरुंद वाट पुरेशी होती. थोडक्यात, वाटेची रुंदी ठरवली होती ती चढणाऱ्याच्या पायांनी.

(७)
१९३४-३५ च्या सुमारास लॉर्ड यांनी आखलेली ‘नोज डाइव्ह’ तयार झाली. नावात दुहेरी अर्थ आहे. ती डोंगराच्या ‘नाका’जवळून सुटते, आणि विमान तोंड खाली करून झेपावते, त्यालाही इंग्रजीत ‘नोज डाइव्ह’ म्हणतात. माथ्यालगतच्या तीव्र उतारावर सात वळणे एकाला एक लागून. प्रत्येक वळणावर वेग आवरला नाही तर समोर झाड. पाहता पाहता पूर्व अमेरिकेतील शर्यतपटूंमध्ये या वाटेचा दबदबा निर्माण झाला. १९३८ ची राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यत येथेच झाली.

(८)
याच वर्षांतली आणखी एक घटना विसरता येत नाही. व्हरमाँटच्या डोंगररांगेवरून उत्तर-दक्षिण मोटाररस्ता बांधण्याचा मोठा प्रस्ताव केंद्र सरकारने पुढे केला होता. पैसा केंद्राचा, रोजगार स्थानिकांना. मार्च १९३६ मध्ये गावोगावच्या सभांत मतदान झाले आणि मंदीने पोळलेल्या या राज्याने तो नाकारला. डोंगरमाथ्यावर मोटारी नकोत. उतारावर स्कीच्या वाटा चालतील. हा निर्णय भाबडा नव्हता. डोंगराचा वापर करावा की नाही, हा वाद नव्हताच. वाद होता तो कोणी, कसा आणि किती वापर करावा याचा.

(९)
१९३६ च्या पहिल्याच दिवशी मॅन्सफिल्डच्या त्या जुन्या पथकर रस्त्यावर चार्ल्स मिनोट डोल हा विमा व्यावसायिक पावसाने भिजलेल्या बर्फात पडला आणि त्याचा घोटा मोडला. मदतीची कसलीही व्यवस्था नव्हती. मित्रांनी छपराच्या पत्र्याचा तुकडा शोधून आणला आणि त्यावरून ओढत त्याला खाली नेले. त्या मित्रांपैकी एक फ्रँक एडसन. थोड्याच महिन्यांत मॅसॅच्युसेट्समधील एका शर्यतीत एडसन झाडावर आदळून मरण पावला. डोलने अपघातांचा अभ्यास हाती घेतला. दोन वर्षांनी, नोज डाइव्हवरच्या १९३८ च्या शर्यतीच्या निमित्ताने, राष्ट्रीय पातळीवर बचावपथक उभारण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. अमेरिकेची ‘नॅशनल स्की पेट्रोल’ अशी जन्मली.

(१०)
१९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडच्या स्कीधारी सैनिकांनी सोव्हिएत फौजांना झुंजवले. ते पाहून डोलने अमेरिकी सैन्याकडे पर्वतीय दलाचा आग्रह धरला. त्यातून पुढे दहावी माउंटन डिव्हिजन आकाराला आली. तिच्यासाठी योग्य तरुण हेरण्याचे काम सैन्याने स्की पेट्रोल या नागरी संघटनेकडे सोपवले. फेब्रुवारी १९४५ मध्ये या डिव्हिजनने इटलीतील रीवा कडा रात्रीच्या अंधारात चढून जिंकला. युद्धात तिचे सुमारे एक हजार सैनिक कामी आले. परतलेल्यांपैकी अनेकांनी स्कीच्या व्यवसायात जन्म घालवला. कोलोरॅडोतील व्हेल हे प्रख्यात स्की-केंद्र १९६२ मध्ये सुरू करणारा पीट साइबर्ट याच डिव्हिजनचा. व्हेल हे नाव शेवटी पुन्हा भेटणार आहे.

(११)
दरम्यान स्टोच्या डोंगरावर त्याहून मोठी क्रांती होऊन गेली होती. १९३६ मध्ये आयडाहोतील सन व्हॅली येथे जगातील पहिली चेअरलिफ्ट धावली. जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून रेल्वे कंपनीच्या अभियंत्याला ती सुचली होती. १९४० मध्ये मॅन्सफिल्डवरही एकेका माणसाला बसवून नेणारी चेअरलिफ्ट सुरू झाली, लांबी सुमारे १.२ मैल. तिच्यामागचा प्रमुख माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा गुंतवणूक बँकर रोलंड पामेडो. जी चढण तास-दोन तास घेत असे, ती आता मिनिटांची झाली. सहाव्या मुद्द्यातला हिशेब येथे मोडला. वाट तीच, पण उतरणारा आता दिवसातून एकदा नव्हे, अनेकदा येणार होता.

(१२)
युद्धानंतर गर्दी वाढली. त्याचा परिणाम थेट जमिनीवर झाला. अरुंद वाटेवर शेकडो स्कींच्या कडा बर्फ खरवडून बाजूला सारतात. एकाच जागी वळणारे लोक उंचवटे निर्माण करतात. (या उंचवट्यांना स्कीच्या भाषेत ‘मोगल’ म्हणतात. दिल्लीच्या तख्ताशी त्यांचा संबंध नाही. शब्द ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या बोलीतला आहे.) वेग वाढला तशी वळणावरची झाडे अधिक घातक ठरू लागली. उपाय एकच दिसत होता : वाट रुंद करा, वळणे सैल करा. १९६० च्या दशकात नोज डाइव्हचा माथा नव्याने आखला गेला आणि सात वळणांची तीन झाली. एडसनचा मृत्यू आठवला तर या बदलाला नावे ठेवणे कठीण जाते. अरुंद वाटेचे सौंदर्य आणि तिच्या काठच्या झाडाचा धोका या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

(१३)
पण एका बदलाने दुसरा मागवला. रुंद वाटेवर वारा मोकळा वाहतो, ऊन थेट पडते, बर्फ टिकत नाही. १९५० मध्ये कनेक्टिकटमध्ये पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र फवारून कृत्रिम बर्फ पाडण्याची युक्ती साधली होती. आता तिची गरज भासू लागली. त्यासाठी नळ, पंप आणि पाण्याचे साठे. शिवाय बर्फ सारखे करणारी अवजड यंत्रे. त्यांना फिरण्यासाठी पुन्हा रुंदी आणि सपाट केलेली जमीन. भांडवल लागणारच होते. १९१९ मध्ये शांघायमध्ये विमा व्यवसाय सुरू करणारे सी. व्ही. स्टार हे १९५० च्या आसपास स्टोमधल्या स्की-व्यवसायाचे मुख्य धनी झाले. त्यांचे नाव आजही डोंगरावरच्या एका तीव्र वाटेला आहे.

(१४)
हे सारे अटळ होते का? याचे उत्तर तेथून दक्षिणेला, त्याच डोंगररांगेत मिळते. स्टोचे वाढते व्यापारीकरण न रुचल्याने पामेडोने १९४८ मध्ये मॅड रिव्हर ग्लेन हे दुसरे केंद्र सुरू केले. एकेरी चेअरलिफ्ट, डोंगराच्या कलाने जाणाऱ्या अरुंद वाटा, भिस्त मुख्यतः आकाशातून पडणाऱ्या बर्फावर. १९९५ मध्ये ते स्कीप्रेमींच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे झाले. २००७ मध्ये जुनी चेअरलिफ्ट काढून वेगवान नवी बसवण्याऐवजी सभासदांनी जुनीच नव्याने उभी केली. याची किंमतही आहे. लिफ्टसाठी रांगेत थांबावे लागते, आणि बर्फ नसेल त्या दिवशी वाटा बंद. एकेरी लिफ्ट थोडी माणसे वर नेते, म्हणून वाटा अरुंद राहू शकतात. म्हणजे वळणे वाचवायची तर आधी माणसांची संख्या रोखावी लागते.

(१५)
स्की-केंद्रांभोवती घरे आणि रस्ते फोफावले तेव्हा व्हरमाँटने १९७० मध्ये ‘अ‍ॅक्ट २५०’ हा जमीनवापराचा कायदा केला. मोठ्या बांधकामाआधी पाणी, माती, वन्यजीव आणि रहदारी यांवरचा परिणाम तपासणे बंधनकारक झाले. मॅन्सफिल्डवर हा प्रश्न पोकळ नाही. माथ्यावर अतिशीत प्रदेशातील दुर्मीळ वनस्पतींचा छोटा पट्टा आहे, आणि खालच्या फरवृक्षांत बिकनेल्स थ्रश हा मोजक्याच डोंगरांवर वीण करणारा पक्षी राहतो. उताराचा मोठा भाग आजही राज्याच्या वनजमिनीवर, भाडेपट्ट्याने आहे. वर चालणारा व्यवसाय मात्र २०१७ मध्ये व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने ४ कोटी १० लाख डॉलरना विकत घेतला. नोज डाइव्हच्या शर्यतीतून निघालेला धागा डोल, दहावी डिव्हिजन आणि साइबर्ट असा फिरून पुन्हा नोज डाइव्हपाशी आला.

(१६)
सीसीसीच्या तरुणांची बहुतेक नावे कोणत्याही वाटेला नाहीत. महिना पाच डॉलर हातात ठेवून त्यांनी तोडलेल्या वाटांपैकी काही आता रुंद पट्ट्यांत विरून गेल्या आहेत. पहिली वाट, ब्रूस ट्रेल, मात्र अजून शाबूत आहे. तिच्यावर यंत्र फिरत नाही आणि कृत्रिम बर्फही पडत नाही. पुरेसा हिमवर्षाव झाला तर जाणकार लोक तिच्यावरून उतरतात. एरवी ती झाडांत गप्प पडून असते. १९३३ मध्ये वाट किती रुंद असावी असे वाटत होते, हे पाहायचे असेल तर ते तेथे अजून दिसते. त्यासाठी ठरलेल्या वाटा सोडून झाडीत शिरावे लागते, आणि प्रत्येक वळणावर झाड आहे हे लक्षात ठेवावे लागते.