रेडिओ-नियंत्रित मोटारगाडी : नवशिक्याची पहिली निवड (करोल बाग, दिल्ली)

हातातल्या प्रेषकावरून रेडिओ लहरींनी चालवली जाणारी, खऱ्या मोटारीच्या घडणीची छोटी गाडी. बोलीभाषेत ‘रिमोटची गाडी’, शौकिनांत ‘आरसी कार’. आकार मूळ मोटारीच्या प्रमाणात सांगतात. १:२४, १:१८, १:१४, १:१० आणि १:८ ही प्रमाणे प्रचलित आहेत. ही नोंद करोल बाग परिसरात पहिली गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने केली आहे.

इतिहास : निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यू यॉर्कला रेडिओवर चालणारी होडी दाखवली. विक्रीस आलेल्या पहिल्या आरसी गाडीचा मान सर्वसाधारणपणे १९६६ च्या सुमारास इटलीच्या एल-जी कंपनीने काढलेल्या फेरारी २५० एलएम या १:१२ प्रतिकृतीला दिला जातो. जपानमधील शिझुओकाच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणली. याच कंपनीची १९८४ ची ग्रासहॉपर स्वस्त, सुटसुटीत आणि घरी जोडता येणारी होती. नवशिक्यांची गाडी ही कल्पना तिच्यामुळे रुजली. अमेरिकेच्या ट्रॅक्ससने २००८ मध्ये काढलेली १:१० ‘स्लॅश’ आजही पहिल्या गाडीच्या चर्चेत हटकून येते.

दर्जा : खेळण्याच्या दर्जाची व हॉबी दर्जाची असे दोन वर्ग आहेत आणि निवडीतला खरा प्रश्न हाच आहे. खेळण्यात ग्राहक (प्रेषकाचे संकेत घेणारा भाग), मोटरचे नियंत्रण व दिशेची यंत्रणा बहुधा एकाच सर्किट पट्टीवर असते. स्टिअरिंग एक तर पूर्ण डावीकडे वळते, नाही तर पूर्ण उजवीकडे. पट्टी जळाली की गाडी संपली. हॉबी दर्जात ग्राहक, सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी मोटर), वेगनियंत्रक (ईएससी), मोटर आणि बॅटरी सुटे असतात. बोट जेवढे दाबावे तेवढाच वेग मिळतो आणि मोडलेला भाग तेवढाच बदलता येतो. खोक्यावरचा वेगाचा आकडा पाहून गाडी घेणे ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक ठरते. ताशी ३० किमी वेगाने गाडी एका सेकंदात ८ मीटरहून अधिक पुढे जाते आणि शिकणाऱ्याचा हात तितका लवकर चालत नाही. धडकेत प्रथम तुटतात ते पुढचे सस्पेन्शन आर्म, सर्व्हो-सेव्हर (सर्व्होला धक्क्यापासून वाचवणारा भाग) आणि बंपर. म्हणून दुकानदाराला किंमत विचारण्याआधी ‘या गाडीचे पुढचे आर्म आत्ता देता का?’ असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तर ती गाडी घेऊ नये.

मोटर व चालना : ब्रशवाली ५४० किंवा ५५० मोटर स्वस्त, सोशीक आणि शिकण्यास पुरेशी. ब्रशलेस मोटर अधिक कार्यक्षम व टिकाऊ असली तरी तिचा जोर गिअर आणि ड्राइव्ह शाफ्टवर येतो. दोनचाकी चालनेत सुटे भाग कमी लागतात. चारचाकी चालना सैल मातीत गाडी सावरून धरते, पण डिफरन्शियल दोन किंवा अधिक असल्याने देखभाल वाढते. चीनच्या डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही १:१४ गाडी (५५० ब्रश मोटर, ७.४ व्होल्ट, चारचाकी) कमी पैशांत हॉबी दर्जाची रचना देते, कंपनी सांगते तो वेग मात्र शिकताना वापरू नये. तामियाची टीटी-०२ जोडताना यंत्र उत्तम समजते, पण तिचे पोट जमिनीलगत असल्याने खडबडीत गल्लीत ती अडते.

बॅटरी : गाडीपेक्षा जास्त विचार बॅटरीचा करावा. निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये १.२ व्होल्टचे ६ सेल असतात, म्हणजे ७.२ व्होल्ट. तो जड, पण चुका पोटात घालणारा. लिथियम-पॉलिमर (लायपो) सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, दोन सेलांचा पॅक ७.४ व्होल्टचा होतो. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडू शकतो, म्हणून वेगनियंत्रकातील कमी दाबाची कटऑफ सोय चालू आहे ना हे पाहावे. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेइतकाच ठेवावा : २२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकला २.२ अँपिअर. प्रत्येक सेलचा दाब सारखा करणारा बॅलन्स चार्जरच घ्यावा. पॅक फुगला तर तो पुन्हा वापरू नये. चार्ज करताना फरशीवर ठेवावा, गादीवर किंवा लाकडी कपाटात नव्हे, आणि मोठ्या माणसाने जवळ बसावे. काही आठवडे वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; उन्हात उभ्या मोटारीत लायपो कधीही विसरू नये. निकामी पॅक कचऱ्यात टाकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो संकलनासाठी द्यायचा असतो.

रेडिओ : जुनी खेळणी २७ मेगाहर्ट्झवर चालत आणि एकाच वारंवारतेच्या दोन गाड्या एकमेकींत गोंधळ घालत. आता २.४ गिगाहर्ट्झ रूढ आहे. प्रेषक व ग्राहक एकदा जोडले की दुसऱ्याच्या गाडीशी गफलत होत नाही. चालवताना प्रेषक आधी चालू करावा व शेवटी बंद करावा.

नायट्रो इंजिनाच्या (इंधनावर चालणाऱ्या) गाड्या : नवशिक्यासाठी नाहीत.

करोल बाग : कनॉट प्लेसच्या उभारणीत हटवलेल्या वस्त्यांतली माणसे १९२० च्या दशकात येथे आली, फाळणीनंतर पश्चिम पंजाबातील निर्वासितांनी बाजार वाढवला. हकीम अजमल खान यांच्या नावाचा रस्ता ही मुख्य बाजारपेठ. २०१९ मध्ये ती पादचाऱ्यांसाठी राखली गेली. खान अब्दुल गफार खान यांच्या नावाचे गफार मार्केट मोबाइल दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे आणि आरसी शौकिनाला तेथील कौशल्य फार उपयोगाचे आहे : बारीक सोल्डरिंग, तुटलेली तार, जळालेला कनेक्टर. नाईवाला भाग मोटारसायकल व कारच्या सामानाचा, तर जवळच झंडेवालानचा सायकल बाजार; अॅलन चाव्या व स्क्रू या पट्ट्यात शोधावेत (१.५, २ आणि २.५ मिमी एवढ्या तीन चाव्यांवर बरेच काम भागते). खेळण्यांचा घाऊक व्यापार मात्र सदर बाजारात आहे आणि तेथील गाड्या बव्हंशी खेळण्याच्या दर्जाच्या. करोल बागेत गाडी चालवायला रस्ता नाही, उद्यानातही मुले व वृद्ध असतात. शहराबाहेरचे मोकळे मैदान गाठावे. बाजार सोमवारी बंद असतो.

कायदा व कर : खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, विजेवरच्या खेळण्यांचे मानक आयएस १५६४४. हॉबी गाड्यांच्या खोक्यांवर ‘१४ वर्षांवरील’ असे सहसा छापलेले असते. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे परदेशातील किमतीशी तुलना फसवी ठरते. ड्रोन नियम, २०२१ उडत्या यंत्रांचे आहेत, जमिनीवरील गाड्यांना ते लागू नाहीत.

प्रवास : करोल बागेच्या सराफ्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव भागातील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक आहेत. सुट्टीत गावी जाताना त्यांच्या मुलांनी गाडी सोबत घेतली आणि प्रवास विमानाने असला, तर सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच, टोके झाकून न्यावी लागते. चेक-इन सामानात ती चालत नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास असून ७.४ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांचा पॅक सुमारे १६ वॉट-तासांचा असतो.