डिपॉझिट आलं कुठून? ठाणे-डोंबिवलीतल्या भाड्याच्या घरांची गोष्ट

पावसाळा जवळ आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. नोटीस लागते, पाणी-वीज तोडायचा इशारा येतो, तरी लोक निघत नाहीत. बाहेरून बघणारा म्हणतो, जिवापेक्षा घर मोठं का? पण बरेचदा अडतं ते डिपॉझिटवर. पहिलं भाडं, दलाली, टेम्पो आणि वर डिपॉझिट, हे सगळं एकदम उभं करायचं असतं. आज बघूया हे डिपॉझिट आलं कुठून, आणि महापालिका त्यात कुठे बसते.

सुरुवात 1947 पासून. युद्ध संपलेलं, फाळणी झालेली, घरांची टंचाई. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली. कायदा तात्पुरता होता. मुदतवाढ घेत घेत तो पन्नास वर्षं चालला! (आमच्या ऑफिसातही 'तात्पुरता' म्हणून लिहिलेला कोड असाच टिकतो, सो नवल नाही.) भाड्यातून काही सुटेना म्हणून मालकांनी पागडी सुरू केली. कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता, पण घेतली जायचीच.

मग पळवाट निघाली. भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणायचं. पण सरकारने कायदा बदलून 1 फेब्रुवारी 1973 ला राहत असलेल्या लायसन्सवाल्यांना भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. मालकांनी याचा धसकाच घेतला. ठेवलेला माणूस निघणारच नाही, ही भीती तिथून पक्की झाली. मला वाटतं आपल्याकडच्या मोठ्या डिपॉझिटचं मूळ भिंतीच्या नुकसानीत कमी आणि या भीतीत जास्त आहे. अकरा महिन्यांचा करार आणि हातात जाडजूड रक्कम, म्हणजे माणूस वेळेत निघेल. 'हेवी डिपॉझिट' तर त्याच्याही पुढचं, रक्कम एकदाच द्या आणि महिन्याचं भाडं नाही.

1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. 31 मार्च 2000 पासून नवा भाडे नियंत्रण कायदा आला. पागडी कायदेशीर झाली, कराराची नोंदणी सक्तीची झाली. डिपॉझिट किती घ्यावं यावर मात्र मर्यादा नाही. गंमत म्हणजे सरकारी हिशोबात ते आहे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात आणि त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क घेतात.

आता महापालिकेकडे येऊ. मुंबई शहरात जुन्या चाळींसाठी 1969 मध्ये कायदा झाला. उपकर घ्यायचा, दुरुस्ती मंडळाने इमारत बघायची, वेळ आली तर संक्रमण शिबिरात खोली द्यायची. शिबिरांची अवस्था हा वेगळा विषय आहे, पण निदान जायला जागा होती. ही सोय सायन-माहीमपर्यंतच. ठाणे महापालिका झाली 1982 मध्ये, कल्याण-डोंबिवली 1983 मध्ये. इथल्या इमारतींना ना उपकर, ना मंडळ.

2015 मध्ये 28 जुलैला ठाकुर्लीत मातृछाया कोसळली, 9 जण गेले. आठवड्याने, 4 ऑगस्टला, नौपाड्यात कृष्णा निवास कोसळली, 12 जण गेले. त्या नोव्हेंबरात राज्य सरकारने धोकादायक इमारतींची वर्गवारी ठरवून दिली. सी-वन म्हणजे रिकामी करून पाडायची. रिकामी कशी करायची ते नीट लिहिलंय. नव्या घराचं डिपॉझिट कोण भरणार, याची सोय कुठे नाही.

ठाण्यात एक आधार होता. एमएमआरडीएच्या 2008 च्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्या. त्यातल्या काही महापालिकेकडे आल्या आणि तिने धोकादायक इमारतींतल्या लोकांना दिल्या. डिपॉझिटचा प्रश्नच नाही, कारण मालकच सरकारी. पण खोल्या मोजक्या, आणि शाळा-कामाच्या ठिकाणाहून लांब पडल्या की कुटुंब जायला तयार होत नाही.

इंग्लंडमध्ये बऱ्याच कौन्सिल वेगळं करतात. बेघर व्हायची वेळ आलेल्याला डिपॉझिटसाठी कर्ज देतात, किंवा रोख न देता मालकाला हमीपत्र देतात. नुकसान झालं तर कौन्सिल भरणार. म्हणजे घर खाजगी, भीती सरकारने उचललेली. 1973 पासून आपल्या मालकांना नेमकी तीच भीती आहे.

आपल्याकडे हे काम बिल्डर करतो. रिडेव्हलपमेंटच्या करारात भाडं, डिपॉझिट, दलाली, सामान हलवायचा खर्च, सगळं लिहिलेलं असतं. पण बिल्डर येतो तो एफएसआय बघून. अनधिकृत इमारत, चिंचोळा प्लॉट, मालक-भाडेकरूंचं भांडण असेल तर कोणी फिरकत नाही, आणि सी-वनची नोटीस नेमकी अशाच दारांवर जास्त असते.

तुमच्या दारावर लागली असेल तर एक करा. इमारत पाडण्याआधी महापालिकेकडून घराची मोजणी करून क्षेत्रफळाचा दाखला घ्या, भाडेकरू असाल तरीही. डिपॉझिट त्याने मिळणार नाही, पण परत यायचा हक्क दाखवायला हाताशी कागद राहील.