रुग्णालयाचे थकीत बिल आणि घरचे कर्ज : सुरतेतील मराठी कुटुंबांच्या निमित्ताने

सुरत हे गुजरातमधील शहर असले, तरी खानदेशातील हजारो कुटुंबांचे ते कर्मस्थान आहे. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत–भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगाव या भागांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज मराठी सहज कानी पडते. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई, भरतकाम आणि हिऱ्यांना पैलू पाडणे ही येथील प्रमुख कामे. यांपैकी बहुतेक कामांची मजुरी नगावर वा मीटरवर मिळते. कामावर न गेल्यास त्या दिवसाचे पैसे बुडतात.

अशा घरात आजारपण आले, की दुहेरी फटका बसतो. एकीकडे रुग्णालयाचे बिल वाढते आणि दुसरीकडे रुग्णाची, बहुधा त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचीही, मजुरी थांबते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ टक्क्यांवर आले. घट मोठी आहे. तरीही शंभरातले चाळीसच्या आसपास रुपये अजून घरातूनच जातात. हे देणे कसे हाताळावे आणि त्याचे कर्जात रूपांतर होण्यापासून कसे रोखावे, याचा आढावा येथे घेतला आहे. यातील बहुतेक कायदे देशभर सारखेच असल्याने गोव्यातील वाचकांनाही ते लागू पडतात.

बिनव्याजी देणे आणि सव्याज कर्ज

रुग्णालयाचे बिल हे सर्वसाधारणपणे बिनव्याजी देणे असते, ही यातील कळीची गोष्ट. वेगळा लेखी करार नसेल, तर ते दरमहा आपोआप वाढत नाही. ते एकाच दिवसात फेडण्यासाठी सावकाराकडे धाव घेतली, की त्याच रकमेला व्याज लागू होते.

समजा, एकूण बिल ९० हजार रुपये झाले आणि घरात ३० हजार आहेत. उरलेले ६० हजार रुग्णालयाने दरमहा ५ हजारांच्या हप्त्याने घेण्याचे मान्य केले, तर १२ महिन्यांत ६० हजारच भरावे लागतात. तीच रक्कम घरचे सोने तारण ठेवून वार्षिक १२ टक्के दराने घेतली आणि दरमहा ५ हजारच भरले, तर सुमारे १३ महिन्यांत साधारण ६४ हजार जातात. मात्र सावकाराकडून शेकडा पाच दराने, म्हणजे महिन्याला ५ टक्के व्याजाने ती उचलली, तर पहिल्या महिन्यात ३ हजार रुपये नुसत्या व्याजातच जातात. त्याच ५ हजारांच्या हप्त्याने फेड व्हायला जवळजवळ १९ महिने लागतात आणि सुमारे ९४ हजार रुपये मोजावे लागतात. नुसते व्याजच भरत राहिल्यास वर्षाअखेर ३६ हजार जाऊनही मूळ ६० हजार तसेच उभे असतात.

म्हणून वाटाघाटीची पहिली जागा रुग्णालयाचे कार्यालय ही आहे, सावकाराचा ओटा नव्हे.

दाखल होतानाच करावयाच्या गोष्टी

सुरतेत मजुरा गेटजवळील नवे सिव्हिल रुग्णालय राज्य शासनाचे, तर उमरवाड्यातील स्मीमेर रुग्णालय महापालिकेचे आहे. १९९४ च्या प्लेगच्या साथीत शहरातील अनेक खासगी दवाखाने बंद झाले, तेव्हा रुग्णांचा भार सिव्हिलनेच वाहिला होता. प्रकृतीला धोका नसेल आणि विचार करायला अवधी असेल, तर खासगी रुग्णालयात अनामत भरण्यापूर्वी या दोन ठिकाणी चौकशी करणे हिताचे ठरते.

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर नेली. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता या योजनेत घेतले जाते. शिधापत्रिका गावाकडची असली तरी धीर सोडू नये. एका राज्यात काढलेले आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही चालावे, अशी या योजनेची रचना आहे. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. मात्र ही योजना रोकडरहित उपचारांची आहे. आधी पैसे भरून मागाहून परतावा मागण्याची सोय तिच्यात सहसा नसते. त्यामुळे कार्ड दाखल होतानाच दाखवावे आणि ‘हे रुग्णालय व हा उपचार योजनेत आहे का’, हे विचारून घ्यावे.

कारखान्याची नोंदणी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल आणि महिन्याचे वेतन २१ हजार रुपयांपर्यंत असेल, तर कामगाराला व त्याच्या कुटुंबाला त्या योजनेतून उपचार मिळतात. शिवाय आजारपणाच्या रजेत, अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास, वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. पगारातून ०.७५ टक्के कपात होत असूनही अनेकांना या भत्त्याची कल्पना नसते.

बिल वाचणे आणि बोलणी करणे

एकरकमी आकडा लिहिलेल्या कागदावर पैसे देऊ नयेत. बाबनिहाय तपशील मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठविलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत त्याचा समावेश आहे. तपशील हाती आल्यावर खाटेचे दिवस, डॉक्टरांच्या भेटी, तपासण्यांची संख्या आणि परत केलेली औषधे पडताळून पाहावीत. औषधांवर छापील किमतीपेक्षा अधिक आकारणी होऊ शकत नाही. हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे.

बोलणी बिलाच्या खिडकीवरील कारकुनाशी न करता वैद्यकीय अधीक्षक, व्यवस्थापक किंवा धर्मादाय रुग्णालय असल्यास समाजसेवा विभागाशी करावी. अर्ज लेखी असावा. त्यात उत्पन्न, आजपर्यंत भरलेली रक्कम, मागितलेली सवलत आणि दरमहा देता येईल असा हप्ता, या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. ५ हजार कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकविण्यापेक्षा ३ हजार नियमाने भरणारा माणूस अधिक विश्वासार्ह ठरतो. काही रक्कम एकदम देण्याची तयारी असेल, तर तिच्या बदल्यात उरलेल्या रकमेत सूट मागता येते. जे ठरेल ते रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी घ्यावे आणि प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवावी.

येथे दोन सह्यांबाबत सावध राहायला हवे. पहिली सही दाखल करतानाच्या अर्जावरची. ‘बिलाची जबाबदारी माझी’ असे लिहून देणारा नातेवाईक स्वतः देणेकरी ठरू शकतो. दुसरी सही पुढील तारखेच्या धनादेशावरची. हप्ता थकला तर तो दिवाणी वाद असतो. पण देण्यापोटी दिलेला धनादेश न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. खात्यात पैसे येण्याची खात्री नसेल, तर धनादेश देऊ नये; कोरा तर कधीच देऊ नये.

रुग्णाला अडवून ठेवता येत नाही

बिल थकले म्हणून रुग्णाला घरी जाऊ न देणे किंवा मृतदेह ताब्यात न देणे, हे रुग्णहक्कांच्या सनदेच्या विरोधात आहे. वसुलीसाठी रुग्णालयाला दिवाणी मार्ग मोकळा असतो; माणूस तारण म्हणून ठेवण्याचा अधिकार त्याला नाही. इच्छेविरुद्ध कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. असा प्रसंग आल्यास अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, देणे मान्य असल्याचे व हप्त्याची तयारी असल्याचे त्यात नमूद करावे आणि तरीही अडवणूक झाल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे. तातडीच्या प्रसंगी प्राण वाचविण्याचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

कर्जांचा क्रम लावणे

बिलाबरोबर आधीची कर्जेही असतात. अशा वेळी जो अधिक ओरडतो त्याला आधी पैसे दिले जातात, आणि गणित बिघडते. सर्व देणी एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे व्याजदर, तारण आणि हप्ता मांडावा. धान्य, घरभाडे, वीज आणि सुरू असलेली औषधे यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. त्यानंतर घर वा दागिने तारण असलेली कर्जे आणि चढ्या व्याजाची कर्जे यांचा विचार करावा. बिनतारणी व बिनव्याजी देणी त्यांच्या मागे ठेवावीत. मात्र त्यांनाही थोडी रक्कम नियमाने जात राहावी.

महिलांच्या गटांमार्फत मिळणाऱ्या सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घालून दिले. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. या कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी व संध्याकाळी ६ नंतर फोन करणे जाचक मानले जाते. बँका व वित्त कंपन्यांच्या इतर कर्जांसाठी ही वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ अशी आहे. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर बदनामी यांना कोणत्याही वेळी मुभा नाही.

हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेला आजारपणाची कागदपत्रे जोडून पत्र द्यावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करावी. कर्ज फार काळ थकले असल्यास बँका तडजोडीने कमी रकमेवरही खाते मिटवितात. अशा खात्यावर पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढील कर्ज अवघड होते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. तक्रारीचे ३० दिवसांत निरसन न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

खासगी सावकारीसाठी गुजरातमध्ये २०११ चा कायदा असून परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. सुरतेत अशा सावकाराला ‘व्याजखोर’ म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडून ठिकठिकाणी लोकदरबार भरविले होते. कोरे धनादेश, घराची कागदपत्रे वा एटीएम कार्ड सावकाराने ठेवून घेतले असल्यास तक्रारीत त्याचा उल्लेख जरूर करावा.

न्यायालय काय नेऊ शकत नाही

‘कोर्टात गेलो तर भांडीकुंडीही उचलून नेतील’, या भीतीपोटी अनेक जण वाटेल त्या कागदावर सही करतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि मंगळसूत्रासारखे धर्माचाराने स्त्रीला उतरविता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. मजुराची मजुरीही जप्तीतून मुक्त आहे. पगारदाराच्या बाबतीत पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. ऐपतच नसल्यामुळे कर्ज फेडता आले नाही, एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात म्हटले आहे.

साध्या देण्याच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत देणे लेखी मान्य केल्यास ती नव्याने मोजली जाते. म्हणून जुन्या देण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. लोकअदालतीत न्यायशुल्क लागत नाही आणि तेथे झालेली तडजोड अंतिम असते.

गोव्यातील तरतुदी

गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना लागू आहे. किमान पाच वर्षे राज्यात वास्तव्य असलेल्या तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, तर चार वा अधिक जणांच्या कुटुंबाला ४ लाखांचे संरक्षण तिच्यात मिळते. कार्डाचे नूतनीकरण आजारपण येण्यापूर्वीच झालेले असावे. सावकारीसाठी राज्यात २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. शासकीय उपचारांसाठी सुरतकरांना जसे सिव्हिल व स्मीमेर, तसे गोमंतकीयांना बांबोळीचे गोमेकॉ आहे.

सुरत असो वा गोवा, रुग्ण घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तीन कागद तयार असले पाहिजेत : बिलाचा बाबनिहाय तपशील, रुग्णालयाला दिलेल्या हप्त्याच्या अर्जाची पोच आणि घरातील सर्व देण्यांची यादी. नवे कर्ज काढायचे की नाही, हा निर्णय हे तीन कागद समोर ठेवून घ्यावा.