गाजरगवत आणि इसब : पुण्यापासून सुरू झालेला त्रास

दरवर्षी पावसाळ्यात तुमचा इसबाचा त्रास वाढतो का? मग घराशेजारच्या मोकळ्या जागेत काय उगवले आहे, ते पाहा.

गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. 1950 च्या दशकाच्या मध्यात ते पुण्यात आढळले. आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. गवत पसरले, तसे चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खळगीत खाज, पुरळ घेऊन रुग्ण येऊ लागले. त्यांत शेतात राबणारे बरेच होते. कारण होते या वनस्पतीतले पार्थेनिन. तिचे वाळलेले बारीक कण हवेतून त्वचेवर बसतात. त्यामुळे गवताला हात न लावताही ॲलर्जी उठते.

प्रत्येक इसबाचे कारण हेच नसते; शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. ॲलर्जी असेल तर गवत स्वतः उपटू नका. फुले येण्यापूर्वी दुसऱ्याकडून, हातमोजे घालून काढून घ्या. बाहेर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी येताच अंघोळ करून कपडे बदला, मॉइश्चरायझर लावा. स्टिरॉइडचे मलम मनाने वापरू नका. मलमाने खाज थांबते. पण कारण दाराशीच राहिले, तर त्रास पुन्हा येतो.