सोरा : एका मूलकाचा इतिहास

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर नर्मदेपलीकडे आले. त्या फौजांच्या तोफखान्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु तोफेतील दारू कशाची होत असे, याकडे इतिहासप्रेमींचेही लक्ष क्वचितच जाते. गंधक व कोळसा यांचा वाटा त्या दारूत थोडा. सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असे.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. नायट्रोजनचा एक व ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र बांधले जाऊन एक ऋणभार धारण करतात. त्या समूहास नायट्रेट मूलक म्हणतात. सोरा पाण्यात विरघळला तरी हे चार अणू विलग होत नाहीत. दारू पेटताच मात्र त्यांतील ऑक्सिजन मोकळा होतो आणि बंद नळीतही कोळसा व गंधक क्षणात जळतात. दारूचे सारे बळ यातच आहे.

गुरांच्या मलमूत्रातील नायट्रोजनचे जमिनीतील सूक्ष्म जीव नायट्रेट बनवितात. कोरड्या हवेत तो क्षार मातीवर पांढरा फुटतो. बिहारमधील नोनिया जातीचे लोक ती माती खरवडीत, पाण्यात गाळीत आणि ते पाणी आटवून सोरा काढीत. पाटण्याच्या या मालासाठी डच व इंग्रज कंपन्यांत चुरस होती. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, इंग्रजांनी मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळविला. परिणामी समुद्रापारच्या युद्धांतही त्यांना दारूची ददात राहिली नाही. फ्रान्सला मात्र टंचाई सोसावी लागली. म्हणून १७७५ मध्ये तेथे सरकारी दारूखात्याची पुनर्रचना झाली व तीत लव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक करण्यात आली.

पुढे दक्षिण अमेरिकेच्या वाळवंटातील सोडियम नायट्रेट बाजारात आले. त्या प्रदेशासाठी चिली, पेरू व बोलिव्हिया यांच्यात १८७९ ते १८८३ युद्ध झाले. १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे, हाबर यांनी शोधलेल्या पद्धतीने, हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार होऊ लागला. त्यापासून नायट्रेट करता येत असल्याने चिलीचा माल बंद होऊनही पहिल्या महायुद्धात जर्मनी लढत राहिला. आज त्याच कृत्रिम नायट्रोजनवर शेते पिकतात.

या घडामोडींत नोनियांचा धंदा ओसरला. सेनापतींच्या व शास्त्रज्ञांच्या नावांबरोबर, गोठ्यातील माती गाळणाऱ्या या कष्टकऱ्यांची नोंदही तोफखान्याच्या इतिहासात व्हावयास हवी.