लहान अणुभट्टी : कशाच्या मानाने लहान?

२०२५ च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांसाठी वीस हजार कोटी जाहीर झाले. २०३३ पर्यंत निदान पाच देशी भट्ट्या चालू करायच्या, असं ठरलं. तेव्हापासून जो तो ‘एसएमआर’ म्हणतोय. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला आधी शब्दच अडतो. लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान?

रूढ व्याख्या ३०० मेगावॉटपर्यंतची आहे. ही पट्टी घेऊन तारापूरला जा. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, प्रत्येकी २१० मेगावॉटच्या. म्हणजे आजच्या भाषेत लहानच! पण तेव्हा त्यांना लहान म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. होमी भाभांचा युक्तिवाद असा होता की कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या मुलखात अणुवीज परवडेल. मुंबईचा कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून शेकडो मैल यायचा, हे लक्षात घ्या. मग भट्टी आणखी मोठी का नाही बांधली? कारण विजेचं जाळं लहान होतं. एखादा संच अचानक बंद पडला की त्याची सगळी वीज एका क्षणात जाते आणि तो धक्का उरलेल्या जाळ्याला पेलावा लागतो. म्हणून एका संचाचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवायचा, असा ठोकताळा असे. पुढे राजस्थान, नरोरा, काक्रापार, कैगा इथे २२० मेगावॉटचा जणू साचाच पडला. जाळं वाढलं तशी भट्टीही वाढली. तारापूरलाच ५४०, मग काक्रापारला ७००.

ही वाढ हौसेची नव्हती. दुप्पट पाणी मावणाऱ्या हंड्याला दुप्पट तांबं लागत नाही, हे घरातल्या बायकांना ठाऊक असतं. भट्टीचंही तेच. नियंत्रण कक्ष, पहारा, परवाने, तपासण्या यांचा खर्च आकाराबरोबर निम्मा होत नाही. तेव्हा लहान भट्टीची वीज महाग पडणार, हा सरळ हिशोब.

याला आजचे पुरस्कर्ते उत्तर देतात ते पेणच्या गणपतींसारखं आहे. साचा महाग, पहिली मूर्ती महाग, शंभरावी स्वस्त. भट्टीचे भाग कारखान्यात करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे. युक्तिवाद चुकीचा नाही, पण शंभर गिऱ्हाइकं आधी हवीत ना! आणि पहिली मूर्ती घ्यायची कुणी? अमेरिकेत युटातल्या छोट्या गावांच्या वीजसंस्थांनी एकत्र येऊन न्यूस्केल कंपनीच्या भट्ट्या घ्यायचं ठरवलं होतं. अंदाजित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. गावांनी पाय मागे घेतला, यात मला भित्रेपणा दिसत नाही. वीजबिल भरणारी माणसं होती ती.

याउलट रशियाच्या अतिपूर्वेकडचं पेवेक बंदर बघा. तिथे तरंगत्या जहाजावर ३५-३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या २०२० पासून व्यापारी तत्त्वावर चालतात. जाळं एकाकी, हिवाळा भयंकर, इंधन आणणं कठीण. इथे लहानपण ही गरजच आहे. म्हणजे १९६९ चंच कारण, दुसऱ्या मुलखात.

आपल्याकडे आज जाळं प्रचंड आहे, त्यामुळे ते कारण उरलं नाही. मग लहान कशासाठी? एक म्हणजे एकरकमी भांडवल कमी लागतं. दुसरं मला जास्त पटतं. कोळशाची जुनी वीजगृहं बंद होतील तेव्हा तिथे जमीन, पाणी, वाहिन्या तयार असतील, आणि पोलाद-सिमेंटच्या कारखान्यांना रात्रंदिवस वीज लागते. सूर्य संध्याकाळी मावळतो, कारखाना मावळत नाही. मात्र कुणी म्हणालं की दुपारी सौरवीज भरपूर असते तेव्हा भट्टी मंद करू, तर थांबा. अणुविजेचा बहुतेक खर्च बांधकामाचा असतो, इंधनाचा थोडा. भट्टी मंद केली तरी कर्जाचं व्याज मंद होत नाही!

सरकारची दुसरी योजना ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’ची. यात नवं यंत्र नाही. आपली तीच २२० ची जडपाण्याची भट्टी, जमीन आणि पैसा उद्योगाचा, चालवणार अणुऊर्जा महामंडळ. मला ही योजना जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिला नैसर्गिक युरेनियम चालतं. तारापूरच्या पहिल्या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागे, ते अमेरिकेकडून यायचं. १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर ते अडलं आणि आपल्याला फ्रान्सचं दार ठोठवावं लागलं. परदेशी ‘एसएमआर’ घेताना हा इतिहास टेबलावर असायला हवा.

आणि आणखी एक. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. लहान भट्टीला भोवती कमी मोकळी जागा पुरेल, असं सांगितलं जातं. याचे दोन अर्थ होतात. गाव उठणार नाही, हा पहिला. गाव भट्टीच्या अधिक जवळ राहील, हा दुसरा. गावकऱ्यांना विचारायला जाल तेव्हा दोन्ही सांगा.